अमेरिकेतल्या सॉफ्टबॉल कॅम्पचं बोलावणं आलंय? पैसे भरण्याआधी हे करा

मी पुण्यात मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, माझ्या एका पिचरची, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या मुलीची, आई सकाळी सहा वाजता मैदानावर येऊन उभी राहिली. मुलगी नुकतीच नववीत गेलेली. "मॅडम, हिला अमेरिकेतल्या कॉलेजनं बोलावलंय," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मेलमध्ये मुलीचं नाव होतं, ती पिचर असल्याचा उल्लेख होता, आमच्या प्रशिक्षकांनी तुझी दखल घेतली आहे असं लिहिलं होतं. खाली तीन दिवसांच्या शोकेस कॅम्पच्या, म्हणजे कॉलेजच्या कोचना खेळ दाखवायच्या शिबिराच्या तारखा, फी आणि नाव नोंदवायचं बटण. वडिलांनी मुदत ठेव मोडायचं ठरवलं होतं. आजीनं मैदानावरच्या सगळ्या मुलींसाठी पेढे पाठवले होते.

पेढा हातात घेऊन 'थांबा' म्हणणं सोपं नव्हतं. पण मी म्हटलं, कारण आदल्या दोन वर्षांत मी असेच तीन कॅम्प स्वतः पाहून आले होते. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याची मुलगी कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी. मीही पुणे विद्यापीठाची कॅचर होते, त्यामुळे भाचीच्या खेळात माझा जीव अडकलेला. सुट्टीला रजा जोडून मी त्यांच्याकडे राहिले आणि आत्या म्हणून प्रत्येक कॅम्पला कुंपणाला टेकून वही घेऊन उभी राहिले. तेव्हापासून पुण्यातले पालक आणि तिकडे स्थायिक झालेले नातेवाईक, दोघंही मला एकच प्रश्न विचारतात: पाठवायचं का? त्याचं उत्तर कसं काढायचं ते इथे लिहिते आहे.

मेल आला म्हणजे काय झालं

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांचे खेळ एनसीएए या संस्थेच्या नियमांनी चालतात. तिच्यात तीन डिव्हिजन आहेत. डिव्हिजन एकच्या सॉफ्टबॉल कोचला मुलगी अकरावीत असतानाच्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी प्रवेशाबद्दल, टीमबद्दल काहीही बोलता येत नाही. फोन नाही, मेसेज नाही, मेल नाही. हा नियम २०१८ मध्ये कडक झाला, कारण त्याआधी आठवीतल्या मुलींकडून कॉलेजं तोंडी शब्द घेत होती. डिव्हिजन दोनमध्ये दहावीनंतरच्या १५ जूनपासून कोच संपर्क करू शकतो. डिव्हिजन तीनमध्ये कोच बराच आधी लिहू शकतो.

मात्र कॅम्पची माहितीपत्रकं आणि 'तुझी माहिती भर' असले फॉर्म कोणत्याही वयात पाठवायला परवानगी आहे. म्हणून नववीतल्या मुलीला डिव्हिजन एकच्या कॉलेजकडून मेल आला तर तो माहितीपत्रकच असणार. दुसरं काही पाठवायची कोचला मुभाच नाही. त्यातून कॉलेजच्या कॅम्पला आणखी एक अट असते: तो सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि एकूण जागा एवढ्यावरच मर्यादा घालता येते. 'निवडक', 'एलिट', 'खास निमंत्रितांसाठी' असं वर काहीही छापलेलं असो, जागा असेतो पैसे भरणाऱ्या मुलीला प्रवेश मिळतो.

माझ्या पिचरच्या चुलत भावानं तिचं नाव एका खेळाडूंच्या साइटवर फुकट नोंदवलं होतं. मेलचा पत्ता तिथून गेला होता. हे सांगताना त्या माउलीचा चेहरा उतरला आणि मला फार वाईट वाटलं. मुलगी चांगलीच होती. तिचा ड्रॉप बॉल, म्हणजे बॅटजवळ येताच खाली जाणारा चेंडू, तेव्हाही आमच्या मोठ्या मुलींच्या बॅटला लागत नव्हता. फक्त अमेरिकेत तो अजून कुणी पाहिला नव्हता.

कॅम्प कॅम्पमध्ये फरक

'शोकेस' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. पहिला, एखाद्या कॉलेजनं स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या कोचकडून घेतलेला कॅम्प. दुसरा, खाजगी संयोजकांनी एखादं मोठं मैदान घेऊन भरवलेला, ज्यात दहा-पंधरा कॉलेजांचे कोच येणार असं जाहीर केलेलं असतं. तिसरा म्हणजे शोकेस स्पर्धा, जिथे तिकडचे क्लब आपापल्या टीम घेऊन सामने खेळतात आणि कोच बॅकस्टॉपमागे, म्हणजे कॅचरच्या मागच्या जाळीपलीकडे, घडीच्या खुर्च्या टाकून बघतात. पुण्यातून जाणाऱ्या मुलीला तिसऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तिथे टीम लागते. तिकडे राहणाऱ्या मुलींसाठी मात्र तोच मुख्य रस्ता. मुलगी चांगल्या क्लबात असेल तर भावाबहिणींनो, वेगळ्या कॅम्पवर पैसे घालण्याआधी क्लबच्या कोचशी बोला.

भाचीचा पहिला कॅम्प दुसऱ्या प्रकारचा होता. चार मैदानं, सगळ्या मुलींच्या पाठीवर नंबर चिकटवलेले. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: एकूण चौदा कॅचर, प्रत्येकीला सेकंड बेसवर (धावणाऱ्या मुलीच्या वाटेतला दुसरा टप्पा) चार थ्रो, दोन पॉप फ्लाय (उंच उडालेले झेल), पिंजऱ्यात आठ चेंडूंची हिटिंग. सकाळी नऊ ते दुपारी तीनमध्ये भाचीच्या वाट्याला स्वतःचं काम दाखवायला आलेला वेळ मी घड्याळ लावून मोजला. तो अकरा मिनिटं भरला. जाहिरातीत ज्या कॉलेजांची नावं होती त्यांतल्या काहींनी मुख्य कोच पाठवलाच नव्हता, एक-दोन ठिकाणांहून त्यांचा शिकाऊ मदतनीस आला होता. क्लिपबोर्डवरच्या यादीत काही नंबरांपुढे आधीच खुणा होत्या. मला ते दुरून दिसत होतं. खूण असलेली मुलगी थ्रोला उभी राहिली की पेन वर यायचं, बाकीच्यांच्या वेळी कोच आपापसात बोलायचे. भाचीच्या नंबरापुढे खूण नव्हती. तिचा चौथा थ्रो त्या दिवसातला सगळ्यात सुंदर थ्रो होता, आणि तेव्हा तिच्याकडे बघणारी मीच एकटी होते.

परतताना गाडीत ती काही बोलली नाही. भाऊ म्हणाला, "ताई, कुठं चुकलं हिचं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला कोणी शोधत नव्हतं एवढंच.

पुढच्या वर्षी तिनं आधी लिहिलं, व्हिडिओ पाठवले, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, डिव्हिजन तीनच्या कॉलेजच्या कॅम्पला गेली. तीसेक मुली. मुख्य कोच स्वतः दारात उभ्या. त्यांनी भाचीला पाहताच विचारलं, "व्हिडिओत उजवा गुडघा खाली टेकवत होतीस, बदललंस का?" दिवसभर तिला त्यांच्या टीममधल्या पिचरसमोर बसवलं. दुपारी तिला कॉलेजच्या मुलींबरोबर जेवायला पाठवलं आणि मग माझ्या भावाशी फी, मार्क, विषय यांबद्दल अर्धा तास बोलत बसल्या. आज ती तिथेच खेळते.

तीन कॅम्पमधून मला जे उमगलं ते इतकंच: आधी ओळख व्हावी लागते, कॅम्प नंतर. ज्या कोचनं मुलीचा खेळ पडद्यावर पाहिलाय आणि जिला तो प्रत्यक्ष पाहायचा आहे, अशा कोचच्या कॅम्पला जा. ओळख व्हावी म्हणून जाऊ नका.

पहिली परीक्षा आपल्याच मैदानावर

ओळख करून द्यायची तर आकडे हवेत, आणि ते पुण्यात बसून मिळतात. सगळ्यात आधी टेप आणा. मी हे कळकळीनं सांगते, कारण आमच्याच मैदानावर मी फसले होते. पिचर उभी राहते त्या पिचिंग प्लेटपासून बॅटरपुढच्या होम प्लेटपर्यंत ४३ फूट अंतर लागतं, म्हणजे १३.११ मीटर. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं पावलांनी मोजून फक्कीची रेघ मारली जायची. टेप लावली तेव्हा ते पावणेएकेचाळीस फूट निघालं. माझी पिचर सगळ्यांना भारी पडत होती त्यातला काही भाग त्या सव्वादोन फुटांचा होता. दोन महिने तिचा ड्रॉप बॉल होमच्या आधीच जमिनीला लागत होता. रडली, चिडली, मग जमलं. हे अमेरिकेत, चार लाख रुपये घालवून कळलं असतं तर?

बेसमधलं अंतर ६० फूट. होम ते सेकंड बेस सरळ रेषेत ८४ फूट १० इंच. तेही मोजा.

मग वेळा घ्या. कॅचरचा पॉप टाइम म्हणजे चेंडू तिच्या मिटमध्ये (कॅचरच्या जाड ग्लोव्हमध्ये) आपटल्यापासून सेकंड बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा आणि आवाजावरून मोजा. हातातल्या स्टॉपवॉचनं दर वेळी वेगळं उत्तर येतं. दोन सेकंदांच्या आसपास असेल तर ती लिहून पाठवण्यासारखी वेळ आहे. १.८ च्या जवळ असेल तर मोठ्या कॉलेजांनाही लिहा. त्यात एक बारकावा. कॅचरच्या मुलींना वाटतं की हात जोरात फिरवला की वेळ कमी होते. माझा तीस वर्षांचा अनुभव असा की वेळ पायांत वाचते. मिटमधून चेंडू काढेपर्यंत उजवा पाय रोवला गेला पाहिजे. त्यासाठी रोज वीस वेळा नुसतं उठून पाय टाकायचा, चेंडू न फेकता. माझ्या मुली याला कंटाळतात, तरी करून घ्या.

पिचरसाठी वेग लागतो. डिव्हिजन एकमधल्या पिचर साधारण ताशी साठ मैलांच्या पुढे टाकतात, म्हणजे ९६-९७ किलोमीटर. आम्ही पालकांनी वर्गणी काढून हातात धरायची रडार गन घेतली, ती आता पाच शाळांत फिरते. माझी पिचर नववीत ४८ मैलांवर होती. ५८ पर्यंत यायला तिला अडीच वर्षं लागली. छोट्या कॉलेजांत यापेक्षा कमी वेगाच्या पण जागा अचूक धरणाऱ्या पिचर खेळताना मी पाहिल्या आहेत, त्यामुळे नुसत्या वेगावर निराश होऊ नका. हिटिंग आणि होम ते फर्स्ट धावण्याची वेळही लिहून ठेवा. डाव्या हाताची स्लॅपर (धावता धावताच चेंडू टोलवणारी बॅटर) पावणेतीन सेकंदांत पोचत असेल तर ती गोष्ट मेलच्या पहिल्या ओळीत आली पाहिजे.

हे आकडे त्या त्या कॉलेजच्या पातळीच्या जवळपासही नसतील तर कॅम्पचा विचार तिथेच सोडा आणि पैसे सरावावर घाला. जाळी, दोन बादल्या चेंडू, बरा ग्लोव्ह, एक फिजिओ. आमच्या अनुभवात एवढ्यावर मुलगी वर्षभरात ओळखू येत नाही इतकी बदलते.

कोरा कागद घेऊन रोस्टर वाचा

या कामाला पैसे लागत नाहीत आणि पालक नेमकं हेच करत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर टीमची यादी असते: नाव, जागा, कितव्या वर्षाला आहे, गाव कोणतं. आपली मुलगी ज्या वर्षी तिथे पोचेल त्या वर्षी त्यातलं कोण उरलेलं असेल ते कागदावर लिहा. चार पिचर आहेत आणि त्यांतल्या तीन पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत, असं दिसलं तर तिथे पिचरला जागा नाही. त्या कॉलेजचा कॅम्प कितीही नावाजलेला असला तरी माझी सही मिळणार नाही. गावाच्या रकान्यात अमेरिकेबाहेरची नावं दिसली तर खूण करा. तो कोच परदेशी मुलगी घ्यायला कचरत नाही.

वरच्या पातळीवर जागा आणखी आवळल्या आहेत. पूर्वी डिव्हिजन एकच्या सॉफ्टबॉल टीमला बारा पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या, त्या तुकडे करून वाटता येत. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयात झालेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्तींची ती मर्यादा राहिली नाही, पण टीमच पंचवीस जणींची ठरवून दिली. त्यातून एका कॉलेजमधून दुसऱ्यात जाणाऱ्या अनुभवी मुलीही त्याच जागा मागतात. डिव्हिजन दोनमध्ये टीममागे ७.२ शिष्यवृत्त्या असतात आणि त्या वाटल्या जातात, म्हणजे 'स्कॉलरशिप मिळाली' याचा अर्थ बहुधा फीचा एक भाग. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. तिथे मार्कांवर मदत मिळते, आणि आपल्या मुलींची बाजू बहुतेक वेळा तिथेच भक्कम असते.

मार्कांवरून आठवलं. नववीचा निकाल जपून ठेवा. आपल्याकडे दहावीची मार्कशीट आली की नववीचा कागद कुठे गेला ते कुणाला आठवत नाही. डिव्हिजन एकच्या पात्रतेसाठी नववी ते बारावीमधले सोळा मुख्य विषय मोजले जातात, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे. एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती एनसीएएनं २०२३ मध्ये काढून टाकली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं. अकरावीला शाखा निवडताना हे डोळ्यांपुढे असू द्या. मुंबईला एज्युकेशनयूएसएचं केंद्र आहे, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या जाळ्यातलं, तिथे कॉलेज प्रवेशाबद्दल मार्गदर्शन मिळतं. हजारो रुपये घेणाऱ्या एजंटाकडे जाण्याआधी तिथे विचारा.

मेल मुलीनं लिहायचा

वडिलांनी लिहिलेला मेल कोचला लगेच ओळखू येतो. तो मुलीनंच लिहावा, तिच्या इंग्रजीत, चूक राहिली तरी राहू दे. सात-आठ ओळी पुरतात: नाव, बारावी कोणत्या वर्षी होणार, कुठे खेळते, दोन आकडे, मार्क, याच कॉलेजला का लिहिते आहे याचं एक खरं कारण, व्हिडिओची लिंक. आणि शेवटी थेट प्रश्न: माझ्या वर्षासाठी तुम्ही पिचर शोधताय का?

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा. गाणं घालू नका. पहिल्या चौकटीत नाव, वर्ष आणि संपर्क. पिचर असेल तर मागून आणि बाजूनं, दोन्हीकडून घ्या. शिवाय एका सामन्याची एक सलग इनिंग न कापता जोडा, त्यात चुका असल्या तरी. चूक झाल्यावर मुलगी मान खाली घालते की पुढचा चेंडू मागते, हे कोचला बघायचं असतं. आमच्या व्हिडिओत मागे कुत्रं धावलं, बाजूला क्रिकेटवाले ओरडत होते. त्यानं काही बिघडलं नाही.

माझ्या पिचरनं अकरावीच्या सप्टेंबरात बावीस कॉलेजांना लिहिलं. आठ उत्तरं आली. ती कशी वाचायची हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. पाच उत्तरांत 'धन्यवाद, आमच्या कॅम्पला ये' आणि लिंक. ही उत्तरं बाजूला ठेवली. दोघींनी स्पष्ट लिहिलं की त्या वर्षासाठी पिचर घेऊन झाल्या. त्यांना आम्ही मनापासून आभाराचा मेल पाठवला, कारण त्यांनी आमचे पैसे वाचवले. आठवं उत्तर आयोवातल्या डिव्हिजन दोनच्या एका कोचचं. तिनं लिहिलं होतं: बाजूनं कॅमेरा लावून सलग वीस चेंडू पाठव, मध्ये चेंजअप (त्याच हालचालीतून टाकलेला संथ चेंडू) टाक, पण कुठला ते सांगू नकोस. तिला बघायचं होतं की चेंजअपच्या वेळी मुलीचा हात आधीच काही सांगून जातो का. सांगून जात होता. कोचनं ते दाखवलं, आम्ही दीड महिना त्यावर घाम गाळला, पुन्हा पाठवलं. मग वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला. मुलगी शाळेच्या गणवेशात बसली होती, मागे देव्हारा. कॉलच्या शेवटी कोच म्हणाली, जूनमध्ये आमचा कॅम्प आहे, तुला प्रत्यक्ष बघायला आवडेल.

बोलावणं कॅम्पचंच, फीही जवळपास तीच. नववीत आलेल्या निमंत्रणात आणि या निमंत्रणात जो फरक आहे, तो कळला की निम्मा निर्णय झाला.

तरीही पैसे भरण्याआधी मुलीला आणखी तीन गोष्टी विचारायला लावल्या. तुम्ही स्वतः कॅम्पचे सगळे दिवस मैदानावर असाल का. साधारण किती पिचर येणार आहेत. आणि मला सामन्यात टाकायला मिळेल का, की नुसते ड्रिल. ज्या संयोजकाला याचं उत्तर देता येत नाही किंवा जो 'लवकर भरा, जागा संपत आल्या' एवढंच म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. कोच 'ये' म्हणते म्हणजे जागा दिली असं नव्हे, हेही मुलीला आधी समजावून सांगा. नुसतं समजावून भागत नाही, तिच्याकडून ते परत म्हणून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी नातेवाइकांचे फोन येतात, सोसायटीत कुणीतरी हार आणतं, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ते सगळं बसतं.

हिशेब

कॅम्पची फी ही खर्चातली सगळ्यात लहान रक्कम असते. आमच्या पिचरच्या घरी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं: फी साडेचारशे डॉलर, मुलगी आणि आई दोघींची मुंबईहून विमानाची तिकिटं, व्हिसाची फी प्रत्येकी १८५ डॉलर, हॉटेल, तिथली गाडी, विमा, जेवण. बेरीज चार लाखांच्या पुढे गेली. कॅम्पसाठी जाताना अभ्यागत व्हिसा लागतो, बी दोन. त्यासाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत, आणि तिची तारीख मिळायलाच कित्येक महिने जाऊ शकतात. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका, आणि फी परत मिळेल का हे लेखी घ्या. मुलाखतीत खरं तेच सांगा: सॉफ्टबॉलचा कॅम्प आहे, अमुक दिवसांचा, नंतर बारावीसाठी परत येणार.

ही रक्कम घरावर कर्ज न चढवता उभी राहत असेल, निदान एका कोचनं व्हिडिओ पाहून मुलीच्या खेळाबद्दल काही नेमकं लिहिलं असेल, आणि त्याच भागात गाडीनं जाता येईल अशी आणखी एक-दोन कॉलेजं तिला भेटायला तयार असतील, तर पाठवा. आम्ही आयोवाच्या कोचनंतर शेजारच्या राज्यातल्या आणखी एका कॉलेजला लिहून त्याच आठवड्यात भेट ठरवली. एका फेरीत दोन दारं. डिव्हिजन एक असेल तर तारखांचं कॅलेंडर आधी बघा. 'डेड पिरियड' असेल तेव्हा कोचला मुलीला समोरासमोर भेटताच येत नाही.

दहावीच्या वर्षात नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. त्या वर्षी शाळेच्या स्पर्धा, सतरा वर्षांखालची निवड, बोर्ड, सगळं एकावर एक येतं. स्टेट-नॅशनलच्या सर्टिफिकेटवर सवलतीचे गुण मिळतात, त्यांचे कागद जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत गेले पाहिजेत. आणि अमेरिकेला जाणं झालं नाही तरी इथे विद्यापीठाची टीम आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. त्या स्पर्धांनी मला आयुष्यभराच्या मैत्रिणी दिल्या, नोकरी दिली. कॅम्पच्या जाहिरातींत हल्ली २०२८ च्या ऑलिंपिकचा उल्लेख असतो. सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये परत येतोय हे खरं आहे, सामने ओक्लाहोमा सिटीत होणार हेही खरं, आणि मला त्याचा प्रचंड आनंद आहे. पण तुमच्या मुलीच्या तीन दिवसांच्या कॅम्पशी त्याचा काही संबंध नाही.

जायचं ठरलंच तर

निदान दोन दिवस आधी पोचा. झोप न झालेल्या पिचरचा वेग तीन-चार मैलांनी घसरतो, आम्ही हे रडारवर पाहिलंय. बूट तिथे नवीन घेऊन लगेच घालू नका. खाण्याचं आधी बघा. आमच्या मुलीनं थेपले, राजगिऱ्याच्या वड्या आणि मेतकूट नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तेच उपयोगी पडलं. मैदानावर आईनं कुंपणापाशी जाऊन सूचना देऊ नयेत. चेंडू उचलायला, बेस लावायला मुलीनं आपणहून पुढे व्हावं. ते आमच्या मैदानांवरच्या मुलींच्या हाडात असतं, तिथे ते दिसू द्या. शेवटी कोचला एकच प्रश्न विचारायचा: माझ्यात तुमच्या टीमसाठी काय कमी आहे? उत्तर तिथेच वहीत लिहायचं. दोन दिवसांत आभाराचा मेल, त्यात त्या उत्तरावर आपण काय करणार ते.

माझ्या पिचरला उत्तर मिळालं: राइज बॉल वर चढत नाही, सपाट जातो. ऑगस्टमध्ये कोचचा मेल आला. टीममध्ये जागा आहे, फीचा काही भाग शिष्यवृत्तीतून, उरलेला घरून. तो उरलेला भाग मोठा आहे आणि घरी अजून बोलणी चालू आहेत. वडील बँकेत जाऊन आले, मुलीनं मार्कांवरच्या मदतीसाठी वेगळा अर्ज केलाय, त्याचं उत्तर यायचंय. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. सकाळी सहाला ती येते, टेप लावून ४३ फूट मोजते, आणि साडेसातला क्लासला जाईपर्यंत राइज बॉल टाकत राहते.